पाण्यात उतरत नाही ते

गुरुवारी सकाळी प्रयोगशाळेत पोचले तेव्हा डासमामा खिडकीपाशी उभे राहून प्लास्टिकचा एक कप उजेडात धरून बघत होते. डासमामा म्हणजे आमच्याकडे डास पाळणारे गृहस्थ. जाळीच्या पिंजऱ्यांत डास, ट्रेमधल्या पाण्यात त्यांच्या अळ्या, अळ्यांना बिस्किटाचा चुरा. हे सगळं ते इतक्या मायेनं करतात की घरी कानाशी डास गुणगुणला तर त्यांचा हात उठत असेल का, अशी मला शंका येते.

"ये," ते मागे न बघताच म्हणाले. "तुझ्या सासूबाईंनी माझी सगळी पोरं संपवली बघ."

मी खांद्यावरची पिशवीही न उतरवता धावले. कपाच्या तळाशी अळ्या पडल्या होत्या, सरळ, दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या. जिवंत अळी कधी सरळ नसते. ती वळवळत वर येते, श्वास घेते, पुन्हा वळवळत खाली जाते. मी कप हलवला. दोऱ्याचे तुकडे पाण्याबरोबर फिरले आणि परत तळाशी बसले. शेजारच्या कपात आम्ही काहीच घातलं नव्हतं. तिथे धिंगाणा चालू होता.

आमचं काम तसं सांगायला सोपं आहे. जुनी माणसं जंतांवर, उवांवर, डासांवर म्हणून ज्या वनस्पती सांगतात त्या आणायच्या, वाळवायच्या, दळायच्या, त्यांचा अर्क काढायचा आणि तो खरोखर काही मारतो का ते बघायचं. बहुतेक वनस्पती नापास होतात. चव कडू, वास उग्र, आणि अळ्या त्यात पोहून ताज्यातवान्या. सीताफळाच्या बिया मी सुचवल्या होत्या, म्हणजे खरं तर सासूबाईंनी. त्या कित्येक वर्षं एका जडीबुटीच्या दुकानात पुड्या बांधत होत्या. 'उवांना सीताफळाची बी, पाण्यात कालवून' हे त्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, माझ्या केसांकडे जरा संशयानं बघत.

अर्क आम्ही दोन तऱ्हांनी काढला होता. एक नुसत्या पाण्यात, एक स्पिरिटमध्ये. पाण्याच्या अर्कात अळ्या मजेत होत्या. मेल्या त्या स्पिरिटच्या अर्कात. म्हणजे बियांमध्ये जे मारतं ते पाण्यात उतरतच नाही. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी येऊन कप बघितले आणि कधी नव्हे ते हसून म्हणाल्या, "तुमच्या सासूबाईंना एकदा चहाला घेऊन या इकडे."

रात्री जेवताना मी हे सगळं हातवारे करकरून सांगितलं. आठ महिन्यांचा आमचा धाकटा, बोका, माझ्या मांडीवर चमचा चावत होता. त्याची मोठी बहीण भिंगरी तोंडातला घास तसाच ठेवून ऐकत होती. भिंगरी सहा वर्षांची आहे आणि एका जागी कधी ठरत नाही, म्हणून भिंगरी.

"म्हणजे आई," नवरा सासूबाईंना म्हणाला, "तुझ्या त्या पाण्यानं उवांची नुसती अंघोळ होत होती!"

"आजी उवांना अंघोळ घालते!" भिंगरी ओरडली, आणि तिला एवढं हसू आलं की ठसकाच लागला.

सासूबाईही हसल्या. पण त्यांचा हात ताटातच थांबला होता. "म्हणजे एवढी वर्षं मी अर्धंच काढत होते म्हण की," त्या म्हणाल्या.

"अर्धंसुद्धा नाही हो आई," मी म्हणाले. आनंदाच्या भरात माणूस कुठे बघतो? "जवळजवळ काहीच नाही."

थोड्या वेळानं, भांडी घासताना त्यांनी विचारलं, "तुम्ही कसं काढता ते नीट सांग बरं." मी सांगितलं. पीठ किती बारीक, स्पिरिटमध्ये किती वेळ, गाळायचं कशातून, मग स्पिरिट उडून जाऊ द्यायचं आणि खाली जो चिकट थर राहतो तेच खरं औषध. त्या माझ्याकडे न बघता ऐकत होत्या, भांडी विसळत. मला वाटलं, माझं मन राखायला विचारतायत. कुणी आपलं काम एवढं लक्ष देऊन ऐकलं की किती बरं वाटतं.

शुक्रवारी भिंगरीच्या बाईंनी शाळेच्या फाटकापाशी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की डोक्यात उवा आहेत, साफ करूनच पाठवा. घरी आल्यावर मी म्हटलं, उद्या कामावरून येताना औषधाच्या दुकानातून उवांचा शाम्पू आणते. शनिवारी मला जायचंच होतं. असा निकाल आला की मॅडम लगेच तोच प्रयोग पुन्हा करायला लावतात.

"आण," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी दुपारी शाम्पूची बाटली घेऊन जिना चढत होते तेव्हा ओरडणं ऐकू आलं. माझ्या मुलीचं रडणं मला तोंडपाठ आहे. पडल्याचं वेगळं, रुसल्याचं वेगळं, झोप आल्याचं वेगळं, आणि एक नुसतं बाबांना ऐकवायचं. हे त्यांतलं कुठलंच नव्हतं. जिन्यात मला क्षणभर वाटलं, हे दुसऱ्या कुणाचं तरी मूल आहे. तसंच असू दे असंही वाटलं.

दार उघडंच होतं. भिंगरी मोरीत उकिडवी बसून दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. डोक्याला फडकं बांधलेलं. कपाळावरून तपकिरी तेलाचे ओघळ भुवयांपर्यंत आलेले. सासूबाई तिचे हात धरायला बघत होत्या आणि ती त्यांना लाथा मारत होती. बोका पाळण्यात टाहो फोडत होता.

"काय लावलंत?" मी विचारलं. उत्तराची गरज नव्हती. वास येत होता. आमच्या प्रयोगशाळेचा वास. माझ्या पांढऱ्या कोटाचा वास.

"फडकं घट्टच बांधलं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. "उन्हात बसवलं होतं हिला, तेल पातळ झालं असेल. मी बोक्याला घ्यायला गेले आणि हिनं चोळले डोळे..."

मी भिंगरीला उचललं, नळ पूर्ण सोडला आणि तिचं तोंड धारेखाली धरलं. कामावर आमच्याकडे भिंतीवर चित्रच लावलंय: डोळ्यात काही गेलं तर वाहतं पाणी, आणि थांबायचं नाही. ती गुदमरत होती, मला चावत होती, आणि मी एका हातानं तिची पापणी वर ओढून पाणी मारत होते. पाणी, पाणी, अजून पाणी. आणि तेव्हा आठवलं. पाण्यात हे उतरत नाही. हे मीच सांगितलं होतं.

तरी थांबले नाही. दुसरं होतं काय हातात?

टॉवेल आणायला वळले तेव्हा ओटा दिसला. मिक्सरचं भांडं, आतून पांढरट पिठानं माखलेलं. काचेच्या बरणीवर चहाची गाळणी, तिच्यात बोक्याच्या मऊ लंगोटाची घडी. औषधांच्या डब्यातली स्पिरिटची बाटली, रिकामी, तिचं झाकण मात्र व्यवस्थित लावलेलं. स्टीलची एक परात, तिच्यात तपकिरी चिकट थर, चमच्यानं खरवडून घेतलेला. शेजारी खोबरेल तेल. माझं टेबल माझ्याच ओट्यावर मांडलेलं होतं. एकही पायरी चुकली नव्हती.

टॅक्सीत भिंगरी ओरडायची थांबली. ते जास्त वाईट होतं. तिनं तोंड माझ्या कुशीत खुपसलं होतं आणि विचारत होती, "आई, कुणी चिमटे काढतंय का डोळ्यात?" नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, कुठल्याशा इमारतीत मजल्यांच्या मध्ये होता. "सीताफळ? डोळ्यात सीताफळ कसं जाईल?" तो परत परत विचारत होता. "बिया रे, बिया," मी ओरडले. टॅक्सीवाल्यानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि गाडी जोरात पळवली.

डोळ्यांचे डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी आधी डोळे बधिर करणारा थेंब घातला. भिंगरीचं अंग एकदम सैल पडलं. मग त्यांनी कागदाची एक रंगीत पट्टी पापणीच्या आत टेकवली, खोलीतला दिवा घालवला आणि निळा दिवा लावला.

"जिथे साल गेलेली असते तिथे हिरवं चमकतं," ते म्हणाले. "बघायचंय तुम्हाला?"

मी बघितलं. डाव्या डोळ्यावर हिरवे ओरखडे होते, नखानं काढल्यासारखे. उजव्या डोळ्यावर ओरखडे नव्हते. अख्खं बुबुळ हिरवं होतं. माझ्या मुलीचा डोळा म्हणून जे काही मी ओळखते, ते त्यात कुठेच नव्हतं.

"असे पेशंट येतात माझ्याकडे," दिवा लावत डॉक्टर म्हणाले. "लांब केसांच्या मुली. बी कुटून पाण्यात कालवलेली असते. डोळा लाल होतो, भरपूर दुखतं आणि थोड्या दिवसांत बरं होतं. पण एवढं मी नाही बघितलं. नुसती बीच होती ना?"

मी सांगितलं. कसं दळलं, कशात भिजवलं, कसं आटवलं. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं, मी अगदी कामावर सांगते तसंच, क्रमानं सांगतेय.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तुम्ही काय काम करता?"

तेही सांगितलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "वरची कातडी परत येते. मुलांची तर भराभर येते. जंतुसंसर्ग झाला नाही आणि खोलवर गेलेलं नसलं, तर डोळा वाचेल. खोल गेलं असेल तर मध्ये पांढरा डाग पडेल, आणि मग त्या डोळ्यानं बघणं अवघड. आत्ता मी काहीच सांगू शकत नाही. एक डोळा हलला की दुसराही हलतो, म्हणून दोन्ही बांधतो. मंगळवारी उघडू."

बाहेर बाकावर बसले असताना मॅडमचा फोन आला. सकाळचे कप तसेच टाकून मी निघाले होते का, असं त्यांना विचारायचं होतं. मी घडलं ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "किती वेळात लक्षणं दिसली?"

"काय?"

"तेलात प्रमाण किती असेल, अंदाजे? आणि उरलंसुरलं टाकू नका हं, आणा ते." मग स्वतःलाच ऐकू आल्यासारख्या थांबल्या. "मुलगी कशी आहे?"

मी फोन ठेवला. त्यांचा राग आला म्हणून नाही. त्यांचं वाक्य संपायच्या आत माझ्या डोक्यानं उत्तर काढलं होतं: परातीतला थर, चमचा, तेलाची वाटी. मांडीवर लेक डोळे बांधून बसली होती आणि मी मनात प्रमाण मोजत होते.

नवरा आमच्या मागोमाग घरी पोचला. मग भिंगरीच्या पट्ट्या बघून त्याचा तोल गेला. "आई, हा अडाणीपणा कधी थांबणार तुझा?"

सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. बोका त्यांच्या गुडघ्याला धरून उभा राहायला बघत होता, पण त्या त्याला हात लावत नव्हत्या. "अडाणीपणा नाही रे हा," त्या म्हणाल्या. "मी अडाणी होते तेव्हा माझ्या हातून कुणाचा डोळा गेला नव्हता."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघायची गरज नव्हती.

रविवार लांबला. भिंगरी उशांच्या ढिगात बसून एकेक विचारत होती. "आता दिवस आहे का?" "बोका काय करतोय? तोंड कसं केलंय, सांग ना." मी सांगत होते. "त्यानं स्वतःचाच पाय तोंडात घातलाय." ती हसायची आणि लगेच ओठ आवळायची. हसताना डोळे मिटतात, हे मला तेव्हा कळलं. सासूबाई दाराशी यायच्या, विचारायच्या, "दुखतंय का गं बाळा?" आणि भिंगरी दर वेळी म्हणायची, "नाही आजी." त्या गेल्या की माझा हात चाचपून घट्ट धरायची.

दुपारी नवऱ्याला बोलावणं आलं, कुठेतरी लिफ्टमध्ये माणसं अडकली होती. बोका झोपला. भिंगरीलाही डुलकी लागली. मी पाणी प्यायला उठले.

सासूबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसल्या होत्या, पाठमोऱ्या. मला वाटलं काही निवडतायत. जवळ गेले. समोर वाटी होती, काल उरलेल्या तेलाची. डाव्या हाताच्या बोटानं त्यांनी स्वतःची खालची पापणी ओढून धरली होती आणि उजव्या हाताची तेलात बुडवलेली करंगळी डोळ्याकडे नेत होत्या. सावकाश, काजळ घालावं तशी.

मी काय ओरडले आठवत नाही. त्यांचं मनगट धरलं. वाटी कलंडली.

"सोड," त्या म्हणाल्या.

"आई, डोळा जाईल तुमचा!"

"मग तिचा?"

"अहो, असं करून तिचा बरा होणार आहे का?"

"बरा व्हायला नाही करत." त्यांच्या अंगात एवढा जोर असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दोन्ही हातांनी धरलं होतं तरी करंगळी पुढे सरकत होती. "मला फक्त कळू दे किती झोंबतं ते. ती सांगत नाही. विचारलं की म्हणते, नाही आजी. माझ्यासाठी खोटं बोलते गं ती. एवढीशी पोर..."

आणि त्या एकदम सैल पडल्या. मी त्यांना ओढतच मोरीपाशी नेलं. साबण लावला, हात धुतला, परत लावला, परत धुतला. नखांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत. पुड्या बांधून बांधून त्यांच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडलाय. इतकी वर्षं एका घरात राहून तो हात इतका वेळ माझ्या हातात कधी नव्हता.

"तू सांगितलंस तस्संच केलं," त्या म्हणाल्या, नळाकडे बघत. "काही सोडलं नाही. वाटलं, तू दमून आलीस की दाखवीन. म्हणेन, बघ बाई, जमलं मला."

"मी त्या दिवशी 'काहीच नाही' म्हणाले," एवढंच म्हणाले शेवटी.

"म्हणालीस खरी."

त्यांनी ते नाकारलं नाही, मला बरं वाटावं म्हणून वळवलंही नाही. मी वाटी, परात, गाळणी, लंगोट सगळं एका पिशवीत घालून घट्ट बांधलं आणि बाहेर टाकून आले. मॅडमसाठी थेंबभरही ठेवलं नाही. परत आले तर खोलीतून आवाज, "आई, कोण भांडलं?"

"कुणी नाही."

"आजीला सांग," भिंगरी हळूच म्हणाली, "थोडंसंच दुखतंय."

सासूबाई दारातच उभ्या होत्या. ऐकत होत्या.

मंगळवारी आम्ही सगळेच गेलो. बोका नवऱ्याच्या कडेवर. सासूबाई येणार नव्हत्या, शेवटच्या मिनिटाला धावत जिना उतरून आल्या आणि टॅक्सीत पुढे जाऊन बसल्या. दवाखान्यातही आत आल्या नाहीत, दाराच्या चौकटीला धरून उभ्या राहिल्या.

डॉक्टरांनी आधी डावी पट्टी काढली. डोळा लाल, पण डोळाच. भिंगरी उघडझाप करून म्हणाली, "भिंतीवर पाल आहे." तिथे घड्याळ होतं, पण आम्हाला तेवढंही पुरलं. "पाणी आहे अजून डोळ्यात, दिसेल नीट," डॉक्टर म्हणाले.

मग उजवी. चिकटलेली पापणी त्यांनी ओल्या कापसानं हळूहळू सोडवली. दिवा घालवला. निळा दिवा लागला. मी या वेळी बघितलं नाही. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्या तोंडावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

"मधलं भरून आलंय," ते अखेर म्हणाले. "खाली कडेला थोडं राहिलंय. तिथे डाग राहील बहुतेक. पण हिला दिसतं किती ते हिच्याकडूनच कळेल." त्यांनी दिवा लावला आणि भिंगरीचा डावा डोळा तळहातानं झाकला. "हं बाळ, आता सांग. काय काय दिसतंय?"

भिंगरी काही बोलली नाही.

खोलीत पंख्याचा आवाज होता. तिचा तो एक डोळा उघडा होता, लाल, पाणावलेला, आणि तो आमच्या कुणाहीकडे बघत नव्हता. मान थोडी खाली झुकली होती. मी तोंडावर हात दाबून धरला. नवरा म्हणाला, "भिंगरी?" ती तरीही गप्प. मला आतून कळलं, नाही दिसत. तिला सांगायचं नाहीये. परवापासून शिकलीय ना, सांगायचं नाही ते.

"आजी," भिंगरी म्हणाली, "तू एका पायात बाबांची चप्पल घातलीयस."

आम्ही सगळ्यांनी दाराकडे बघितलं. एका पायात त्यांची बारीक पट्ट्यांची, दुसऱ्यात नवऱ्याची काळी, टाचेमागे चार बोटं बाहेर आलेली. सबंध वाटभर, टॅक्सीत, जिन्यावर, कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही.

सासूबाईंनी पायाकडे बघितलं नाही. त्या तिच्याकडेच बघत राहिल्या.

"आणि ती उलटीये," भिंगरी म्हणाली. "डाव्या पायात उजवी."